कुत्र्यांचा कॅन्सर आणि नवे उपचार: कोल्हापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य नाही. आयुष्यभर औषधनिर्माणशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या लॅब्रेडॉरला, बंड्याला, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला. त्याच्या निमित्तानं जे वाचलं, विचारलं, धावपळ केली, ते रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना कळलं आणि तेव्हापासून आठवड्याला एक तरी कुत्रं माझ्यासमोर गाठ दाखवायला उभं केलं जातं. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे लिहून काढलं. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

मॅडम, कुत्र्याला पण कॅन्सर होतोय व्हय?

होतो, आणि बराच होतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या अंदाजानं चारांतल्या एका कुत्र्याला आयुष्यात कधीतरी गाठीचा आजार होतो. दहा वर्षांपुढच्या कुत्र्यांत तर जवळजवळ निम्म्यांना कॅन्सर होतो. "आमच्या मळ्यातलं कुत्रं भाकरी-ताकावर जगायचं, त्याला कधी झाला नाही," असं शिरोळ-कागलकडची माणसं हमखास सांगतात. खरं आहे, पण ते कुत्रं त्या वयाला पोचायचंच नाही. डिस्टेंपरनं, पार्व्होनं, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरखाली आधीच जायचं. आता लसी वेळेवर होतात, कुत्री बारा-तेरा वर्षं जगतात आणि म्हातारपणाचे आजार दिसायला लागतात.

अंगावर गाठ आली म्हणजे कॅन्सरच का?

नाही. म्हाताऱ्या, जाडजूड कुत्र्यांच्या अंगावर चरबीच्या गाठी भरपूर येतात आणि त्या निरुपद्रवी असतात. पण हाताला मऊ लागली म्हणून चरबीची, असं कुणीच ठरवू नये. मास्ट सेल ट्यूमर नावाचा त्वचेचा कॅन्सर चरबीच्या गाठीचं हुबेहूब सोंग घेतो. कधी तो किडा चावल्यासारखा दिसतो, आज मोठा आणि उद्या लहान.

सुईनं गाठीतल्या पेशी काढून काचपट्टीवर बघणं, म्हणजे एफएनएसी, याला पाच मिनिटं लागतात. बहुतेक कुत्र्यांना भूलही द्यावी लागत नाही. तेवढ्यावर निदान झालं नाही तर तुकडा काढून बायोप्सी करायची.

इथं मला दोन गोष्टी जरा जोरात सांगायच्या आहेत. पहिली: गाठ कापली तर ती फेकून देऊ नका. गाठीच्या आकाराच्या दहापट, दहा टक्के तीव्रतेच्या फॉर्मलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीला पाठवायला लावा. नुसतं "काढून टाकली, आता काळजी नको" याला अर्थ नाही. ती कसली होती आणि कडेपर्यंत निघाली का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. दुसरी: तपासणीच्या आधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. बंड्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या, तेव्हा एका दवाखान्यात "घशाला सूज आहे" म्हणून प्रेडनिसोलोन सुरू झालं. चार दिवसांत गाठी विरघळल्या आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी राहिलो होतो. महिन्यानं त्या दुपटीनं परत आल्या. लिम्फोमा स्टेरॉइडनं तात्पुरता दबतो, निदान अवघड होतं आणि पुढच्या केमोला तो दाद देईनासा होतो. हे मला वर्गात शिकवता आलं असतं. घरात मात्र सुचलं नाही.

कोणते कॅन्सर जास्त दिसतात? लक्षणं काय?

लिम्फोमात जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे गाठी येतात. दुखत नाहीत, त्यामुळं दुर्लक्ष होतं. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर मोठ्या चणीच्या कुत्र्यांत होतो आणि लंगडण्यानं सुरू होतो. ग्रेट डेन, रॉटवायलर, किंवा शिकारीला पळणारं कारवानी असो, पंधरा दिवसांत लंगडणं गेलं नाही तर "मुरगळलं असेल" म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. प्लीहेतल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, हिमँजिओसार्कोमा, लपून वाढतो आणि एक दिवस फुटतो: कुत्रं कोसळतं, हिरड्या पांढऱ्याफटक. तोंडातला मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर), कुत्रीच्या सडांतल्या गाठी आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा टीव्हीटी ही आणखी नेहमीची नावं. टीव्हीटीवर खाली वेगळं लिहिलंय.

कुत्र्याच्या कॅन्सरवर एवढं संशोधन कोण कशाला करील?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा "माणसांना औषध मिळंना आणि..." असं लिहिलेलं असतं. उत्तर असं, की त्या संशोधनातलं बरंचसं माणसांसाठीच चाललेलं असतं.

प्रयोगशाळेतल्या उंदराला कॅन्सर मुद्दाम दिलेला असतो, अनेकदा त्याची प्रतिकारशक्ती काढून घेऊन. कुत्र्याला तो आपोआप होतो, म्हातारपणी, प्रतिकारशक्ती शाबूत असताना. ते तुमच्याच घरात राहतं, तीच हवा घेतं, तेच पाणी पितं. त्याचा हाडाचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली किशोरवयीन मुलांच्या हाडाच्या कॅन्सरसारखाच दिसतो आणि तसाच फुप्फुसात पसरतो. अमेरिकेत माणसांत तो वर्षाला हजारभर जणांना होतो. कुत्र्यांत त्याच्या दहापटीनं जास्त. शिवाय कुत्र्याचं आयुष्य लहान, त्यामुळं जो निकाल माणसांत कळायला दहा वर्षं लागतील तो दोन-तीन वर्षांत हाती येतो.

२००५ साली ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकीय आराखडा पूर्ण प्रसिद्ध झाला आणि कुत्र्यातला कुठला जनुक माणसातल्या कुठल्या जनुकाशी जुळतो हे ताडून पाहणं सोपं झालं. त्याआधी, २००३ पासूनच, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं पशुवैद्यकीय विद्यापीठांना जोडून घेऊन पाळीव कुत्र्यांमधल्या चाचण्या चालवायला सुरुवात केली होती.

दोन उदाहरणं मला फार आवडतात. मिफामुर्टाइड हे हाडाच्या कॅन्सरवरचं औषध आधी कुत्र्यांत उपयोगी ठरलं आणि २००९ साली युरोपात माणसांसाठी मंजूर झालं. दुसरं सुनिटिनिब, माणसाच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं. २००६ साली ते बाजारात आलं, त्याच्या आधी त्याचाच सख्खा भाऊ शोभेल असा रेणू मास्ट सेल ट्यूमर असलेल्या कुत्र्यांना देऊन हा मार्ग चालतो का ते पाहिलं होतं. तो भाऊ पुढं टोसेरॅनिब या नावानं कुत्र्यांचं औषध झाला.

म्हणजे आमच्या कुत्र्यावर प्रयोगच की!

शब्द तोच असला तरी गोष्ट वेगळी आहे. इथं निरोगी कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून आजारी पाडत नाहीत. आधीच आजारी असलेलं पाळीव कुत्रं मालकाच्या लेखी संमतीनं चाचणीत घेतात, ते घरीच राहतं आणि मालकाला कधीही बाहेर पडता येतं. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची देखरेख असते.

मात्र नवीन म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. रॅपामायसिन या औषधावर सगळ्यांच्या आशा होत्या. हाडाचा कॅन्सर झालेल्या ३२४ कुत्र्यांत पाय काढणं आणि केमो या नेहमीच्या उपचारांना त्याची जोड देऊन पाहिली. २०२१ साली निकाल आला: काहीही फरक नाही. माझ्या मते तो निकालही कामाचाच होता, पण आपलं कुत्रं त्या ३२४ मध्ये असलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नये.

गेल्या काही वर्षांत नवीन नेमकं काय आलं?

टोसेरॅनिब २००९ साली अमेरिकेत मंजूर झालं. खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी तिथं मंजुरी मिळालेलं ते पहिलंच औषध. तोपर्यंत सगळी माणसांचीच औषधं बेतून वापरली जायची. मास्ट सेलच्या पृष्ठभागावर केआयटी नावाचं एक बटण असतं, ते बिघडून सतत दाबलेलं राहतं आणि पेशी वाढत सुटते. ही गोळी ते बटण सोडवते, आणि गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्याही रोखते.

टिगिलॅनॉल टिग्लेटची गोष्ट तर रानातली आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पावसाळी जंगलातल्या ब्लशवुड झाडाच्या बीपासून ते मिळतं. मास्ट सेल ट्यूमरमध्ये थेट टोचायचं. गाठीच्या रक्तवाहिन्या फुटतात, गाठ काळी पडून गळते आणि खाली भली मोठी जखम उघडी राहते, जी हळूहळू आपोआप भरून येते. फोटो बघून पोटात गोळा येतो. पण मुख्य चाचणीत एकाच इंजेक्शननं महिन्याभरात ७५ टक्के कुत्र्यांची गाठ पूर्ण गेली. ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होतं. २०२० साली युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे मंजुरी मिळाली.

लिम्फोमासाठी रॅबॅकफोसॅडिन हे तीन आठवड्यांतून एकदा शिरेतून द्यायचं औषध. २०१६ ला सशर्त आणि २०२१ ला पूर्ण मंजुरी. व्हर्डिनेक्सॉर या गोळीला २०२१ साली सशर्त मंजुरी मिळाली होती. सशर्त म्हणजे सुरक्षितता दाखवली, परिणाम होईल असं मानायला जागा आहे, पक्का पुरावा गोळा करायचा आहे. जाहिरातीत हा शब्द बारीक अक्षरात असतो.

२०२३ साली गिल्व्हेटमॅबला अमेरिकेत सशर्त परवाना मिळाला. माणसांच्या कॅन्सरमध्ये पीडी-१ या रेणूला रोखणाऱ्या औषधांनी गेल्या दशकात चित्रच बदललं. हे त्याचंच कुत्र्यांसाठीचं रूप, मास्ट सेल आणि मेलॅनोमासाठी. शरीराच्या पहारेकऱ्यांना कॅन्सरनं घातलेली झापड काढायची, एवढंच त्याचं काम.

प्लीहेच्या कॅन्सरवर मात्र प्रगती कासवाची आहे. नुसती प्लीहा काढली तर एक ते तीन महिने मिळतात, जोडीला डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दिलं तर चार ते सहा. मिनेसोटा विद्यापीठानं ईबॅट नावाचं औषध शस्त्रक्रियेनंतर २३ कुत्र्यांना दिलं, त्यात सहा महिने पार करणारी सुमारे ७० टक्के निघाली. एरवी ती ४० टक्क्यांच्याही खाली असतात. आकडा सुखावणारा आहे, पण कुत्री तेवीसच.

कॅन्सरची लस आली म्हणतात. रेबीजसारखी दरवर्षी घ्यायची का?

नाही. या लसी कॅन्सर झाल्यावर द्यायच्या असतात. तोंडाच्या मेलॅनोमाची डीएनए लस अमेरिकेत २००७ साली सशर्त आणि २०१० साली पूर्ण परवान्यानं आली. तिच्यात माणसाचा टायरोसिनेज जनुक असतो. तो कुत्र्याच्या जनुकासारखा, तरी थोडा वेगळा, म्हणून शरीर दचकतं आणि मेलॅनोमाच्या पेशींवरही धावून जातं. कल्पना सुंदर आहे. पुढच्या अभ्यासांचे निकाल मात्र काहींत बरे, काहींत निराशाजनक. येल विद्यापीठातही ईजीएफआर आणि एचईआर-२ या प्रथिनांविरुद्ध लस तयार झाली असून हाडाच्या कॅन्सरच्या कुत्र्यांवर तिचं काम चालू आहे.

टाटा मेमोरियल आणि आयआयटीची ती कार-टी थेरपी कुत्र्याला चालेल का?

चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली ती थेरपी माणसाच्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखते, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्याच प्रतिकारपेशींपासून बनवतात. माणसांच्या लिम्फोमात चमत्कार करणारं रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडसुद्धा कुत्र्याच्या पेशींना चिकटतच नाही. कुत्र्यांसाठी वेगळी प्रतिपिंडं करावी लागतात आणि लिम्फोमावरच्या पहिल्या फेरीतली तर फसलीच. कुत्र्यांच्या कार-टी पेशींवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम झालंय, पण ते अजून प्रयोगशाळेच्या अंगणातलंच.

हे सगळं ऐकायला बरं. कोल्हापुरात काय मिळतं ते सांगा.

वरची नवी नावं इथल्या मेडिकलच्या फळीवर नसतात. पण जुनी औषधं असतात, आणि लिम्फोमासाठी आजही जगभर पहिली निवड जुनीच आहे: व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन ठरलेल्या क्रमानं. चारही माणसांची औषधं, भारतात जेनेरिक मिळणारी. या चौकडीनं ८० ते ९० टक्के कुत्र्यांच्या गाठी विरतात. बी-पेशींचा लिम्फोमा असेल तर साधारण वर्षभर, टी-पेशींचा असेल तर त्याहून कमी काळ मिळतो. काहीच न केल्यास चार ते सहा आठवडे. पूर्ण बरं होणं विरळाच.

गावात केमो देणारे डॉक्टर नसले तर महामार्गावर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुण्यातले खाजगी दवाखाने, मुंबईत परळचं १८८६ पासूनचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज, आणि मुंबईतच महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय. निघण्यापूर्वी फोन करून कॅन्सरचे रुग्ण कुठल्या वारी बघतात ते विचारा. आम्ही एकदा पहाटे चारला निघून सुट्टीच्या दिवशी पोचलो होतो. रेडिएशन मात्र प्राण्यांसाठी आपल्याकडे दुर्मिळच.

बऱ्याचदा जमतं ते असं: निदान आणि पहिले डोस मोठ्या ठिकाणी, मधल्या रक्ततपासण्या आणि सोपी इंजेक्शनं कोल्हापुरात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. त्यात कुणाचाही मान जात नाही.

केमोनं बिचाऱ्याचे हाल होत नाहीत का?

माणसांइतके नाही. कुत्र्याच्या केमोत उरलेले दिवस बरे जावेत हा हेतू असतो, त्यामुळं डोस बेताचे असतात. एखादा दिवस उलटी, जुलाब, मरगळ. केस सहसा जात नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात. पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप आला तर मात्र रात्रीच डॉक्टर गाठायचा. कोलीच्या जातींत एमडीआर-१ जनुकात दोष असू शकतो, त्यांना व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन जड जातं, आधी सांगा. डोसानंतर दोन-तीन दिवस शी-शू हातमोजे घालून आवरा आणि घरातल्या गरोदर बाईला त्यापासून लांब ठेवा.

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून करतात ना? मग दारातल्या सदाफुलीचा रस दिला तर?

अजिबात नको. हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की शिकवताना सदाफुलीचं एवढं कौतुक केलं त्याचा पश्चात्ताप होतो. होय, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन दोन्ही सदाफुलीतलीच. पण पाल्याच्या ढिगातून चिमूटभर निघतं, आणि तेही थेट शिरेतच द्यावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. रसात ते किती उतरलं हे कुणाला ठाऊक? त्यात इतर अल्कलॉइडही असतात. कुत्र्यानं सदाफुली खाल्ली तर विषबाधा होते.

हळद, गोमूत्र, जंताचं औषध?

हळदीतला कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत पेशी मारतो. तसं बशीत पुष्कळ गोष्टी मारतात. पोटातून तो रक्तात फारच थोडा पोचतो. जंताच्या फेनबेंडॅझोलची लाट समाजमाध्यमांतून आली. कुत्र्यांच्या कॅन्सरवर ते चालतं असं दाखवणारी चांगली चाचणी नाही. गोमूत्राचंही तेच. द्यायचंच असेल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

गल्लीतल्या कुत्रीच्या मागच्या बाजूनं रक्त येतंय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ आहे. लोक म्हणतात महापालिकेला बोलवून संपवा.

थांबा! हा बहुतेक टीव्हीटी असणार, आणि या अख्ख्या पानावरची सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन, चार ते सहा आठवडे, आणि दहांतली नऊ कुत्री बरी होतात. पूर्ण बरी.

हा कॅन्सर विचित्रच आहे. तो त्या कुत्रीच्या स्वतःच्या पेशींचा नसतोच. हजारो वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्यातरी एका कुत्र्याला झालेली गाठ समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जिवंत पेशींच्या रूपात आजपर्यंत चालत आलीय. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साठाच्या आसपास. आणि गल्लीतल्या या गाठीचं वय पन्हाळ्याच्या तटबंदीपेक्षा कितीतरी जास्त. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानं ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. कॅन्सरवरच्या प्रयोगांची सुरुवातच तिथं झाली असं म्हणता येईल. माणसाला ती लागत नाही. उपचारांइतकंच नसबंदीचंही महत्त्व आहे, नाहीतर बरी झालेली कुत्री पुढच्या हंगामात परत तीच गाठ घेऊन येऊ शकते.

सडांच्या गाठी टाळण्यासाठी नसबंदी कधी करावी?

१९६९ च्या गाजलेल्या अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्र्यांत धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८, दोनानंतर २६ असे आकडे होते. नंतरच्या आढाव्यात तो पुरावा वाटला तितका भक्कम नाही असं म्हटलंय, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचा त्रास वाढतो. देशी कुत्रीला लवकर, मोठ्या जातीच्या कुत्रीला डॉक्टरांशी बोलून, असं मी सांगते. सडातली गाठ निम्म्या वेळा साधी निघते, पण ती सुईआधी कुणाला कळत नाही.

कुत्रं बारा वर्षांचं आहे, एवढा खर्च झेपणारा नाही. काहीच नाही केलं तर पाप लागेल का?

नाही. दुखणं थांबवणारी औषधं, लिम्फोमात निदान झाल्यावर नुसतं प्रेडनिसोलोन, आवडीचं खाणं. त्यानं महिना-दोन महिने बरे जातात. खाणं सुटलं, उठवेना झालं की डॉक्टरांना घरी बोलावून शांतपणे झोपवणं हाही उपचारच आहे. कर्ज काढून केमो करणाऱ्याला मी कधी शहाणं म्हटलं नाही आणि न करणाऱ्याला कधी वाईट म्हटलं नाही.

तुमच्या बंड्याचं काय झालं?

स्टेरॉइडमध्ये महिना गेला होता, तरी पुण्याला केमो सुरू केली. गाठी विरल्या. साडेपाच महिने मिळाले. त्यातले पाच तो रंकाळ्याला रोज आला आणि भेळवाल्यासमोर नेहमीच्याच जागी बसला.

तुम्हाला आमच्या कुत्र्याचे फोटो पाठवले तर सांगाल का कसली गाठ आहे?

फोटोवरून मला कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही. सकाळी रंकाळ्यावर भेटा, एफएनएसीचा रिपोर्ट घेऊन या. त्यातले इंग्रजी शब्द उलगडून सांगते आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून देते.